नाचणाऱ्या पेशी

नशिराबादच्या मंगल कार्यालयात खुर्च्या एकशे वीस होत्या, माणसं त्याहून त्रेसष्ट जास्त. पंखे चार, चालू दोन. टेबलावर साठ बाटल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेला मोठा टीव्ही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नाजमीननं सगळं मोजलं. समोरच्याचं बोलणं तेवढं मोजण्याजोगं नव्हतं.

"बघा, मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल!" सेलगुरू अभिमन गरजले. पडद्यावर बारीक ठिपके थरथरत होते. "जिवंत आहेत, म्हणून नाचतात! जन्माचा रोग एकवीस थेंबांत गायब. ना सुई, ना धोका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाजमीनचा भाऊ गफूर, गाद्या भरणारा, मांडीवरच्या रूहीला घट्ट धरून बसला होता. तीन वर्षांची रूही जन्मापासून रक्ताचे जुलाब सोसत होती. एका जनुकातल्या दोषामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा तिच्याच आतड्यावर उलटली होती. तिची थोरली बहीण जैनब हिच्या पेशी तिच्याशी जुळल्या होत्या. जैनबच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी रूहीला द्यायची तारीख मुंबईच्या डॉक्टरांनी दिली होती. सोबत धोक्यांची दोन पानी यादी.

"इथं धोकाच नाही म्हणतात. तारीख रद्द करतो मी," गफूर पुटपुटला.

"भाईजान, दहा मिनिटं थांब."

ती उठली. "गुरुजी, आपल्या पेशी ओळखाल?"

"लाखांत ओळखीन, पोरी!"

सूक्ष्मदर्शकाजवळच्या दोन काचपट्ट्या आणि एक बाटली घेऊन ती कोपऱ्यातल्या चहाच्या टेबलाशी गेली आणि पट्ट्या तयार केल्या. पहिलीवर बाटलीतला थेंब, दुसरीवर चहाचं दूध, पाण्यात पातळ केलेलं. पाहिलं फक्त चहावाल्या चिंधानानांनी. दोन्ही पट्ट्या पडद्यावर आल्या.

"दुसरी माझी! काय जोम, काय नाच! पहिलीत ठिपके तुरळक, हिनं पाणी घातलंय!"

चिंधानानांनी किटली खाली ठेवली. "आरे, हाई तं मना चहानं दूध शे! सकायपासून तीनदा उकायेल शे!"

"दुधातही प्राण असतो..." गुरू चाचरले.

"मग आम्ही चहाच पितो!" मागून कुणीतरी ओरडलं.

हशा ओसरल्यावर नाजमीन म्हणाली, "पाण्याचे न दिसणारे रेणू दुधातल्या स्निग्धांशाच्या कणांना सतत ढकलतात, म्हणून ते थरथरतात. बाटलीत काय आहे, मला ठाऊक नाही. पण या नाचानं त्यात जीव आहे, हे ठरत नाही. जो धोके लिहून देतो, त्याला प्रश्न विचारता येतात. जो धोकाच नाही म्हणतो, त्याला आधी पुरावा मागा."

गफूरनं खिशातून यादी काढली. "यातलं तिसरं कलम समजावून सांग."

प्रत्यारोपणानंतर शंभराव्या दिवशी रूहीचं रक्त तपासलं. त्यातल्या शहाण्णव टक्के पेशी जैनबच्या होत्या, म्हणजे त्या रुजल्या होत्या.