थांबलेल्या खेळाची धून

दौलतरावांची बायको चंपाबाई जाऊन पाच महिने झाले होते. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी भावकी रडली; दौलतरावांचे डोळे तेवढे कोरडे राहिले. त्यानंतरही काही झालं नाही. भूक लागे, झोप येई, पुस्तकाची पानं उलटत. आत कुठे काही हलत नसे. आपण माणूस आहोत की कपाट, असं त्यांना कधीकधी वाटे.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली होती. मुलगी स्नेहा शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचा हातात धरायचा व्हिडिओ गेम रिठदच्या घरी राहिला, आणि चंपाबाईला त्याचा नाद लागला. ठोकळे रचायचा खेळ. दौलतराव जेवताना पुस्तक वाचत आणि समोरून एक बारीक धून येत राही. काय गं हे, असं त्यांनी मान वर करून कधी विचारलं नाही. आता तो गेम चालूच होत नव्हता. ती धून ऐकली तर आत काही हलेल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

स्नेहाने कुणाकडून तरी त्या गेममधले सगळे आवाज काढून घेतले आणि पेनड्राइव्ह पाठवला. ते वाजवणारं ॲपही तिने सांगून सांगून टाकायला लावलं. दौलतरावांनी नंबर लावलेल्या बेचाळीस फाइली फोनमध्ये नीट उतरवल्या. एकही वाजेना. शेवटी जीपने ते रिसोडला तौसीफच्या मोबाइलच्या दुकानात आले.

"काका, तुमी अन् गेमचे गाणे?" तौसीफ हसला. "कॉलेजच्या लायब्ररीत आमी शिंकलो तरी बाहेर काढत होते तुमी!"

"वाजून नाही राह्यले रे."

तौसीफने आवाज वाढवून पाहिला, दुसरं ॲप लावलं, एका फाइलीच्या नावामागचं शेपूट बदलून एमपी-थ्री करून पाहिलं. फाइल उघडता येत नाही, एवढंच येई. मग तो फाइलींचे आकडे पाहू लागला.

"एक-एक केबीच्या हायेत ह्या. एवढ्यात तर सलामबी मावत नाही, काका. पेनड्राइव्हमंदी आणखी काही होतं काय?"

"एक मोठी फाइल होती. नाही घेतली."

"काहून?"

"तिले नंबर नव्हता."

दौलतराव ओशाळले. तीस वर्षं ग्रंथपाल होते. नंबर नसलेलं पुस्तक त्यांनी कधी कपाटात जाऊ दिलं नव्हतं.

"अहो, सारा आवाज तिच्यातच असंन! ह्या बारक्या निस्त्या सांगतात, का त्यातलं कोणतं कुठून वाजवाचं."

म्हणजे ही कॅटलॉगची कार्डं. आपण कार्डं उचलून आणली आणि पुस्तक मागे ठेवलं. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला.

मोठी फाइल बाकीच्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि पहिली धून वाजली. ही नाही. दुसरीही नाही. तौसीफ गिऱ्हाईक सांभाळत एकेक लावत गेला. एकतिसावी लागली तेव्हा दौलतरावांनी हात वर केला.

"हे."

"पक्कं?"

"रोज वाजे. जेवाच्या वक्ती."

तौसीफने फाइलीचं नाव वाचलं. "पण काका, हे खेळतानीचं नाही. खेळ मधीच थांबवला का हे वाजते. पुन्हा सुरू करेपर्यंत वाजतच राह्यते, याले शेवट नाही."

दौलतराव फोनकडे पाहत राहिले. म्हणजे ती खेळत नव्हती. ताट वाढून, खेळ थांबवून, त्यांचं जेवण व्हायची वाट पाहत समोर बसलेली असे. वाचता वाचता त्यांचा हात वाळून जाई, तास होई.

आत काही हलतं का, ते त्यांनी पाहिलं. काही हललं नाही.

संध्याकाळी त्यांनी ताट वाढून घेतलं, फोन समोर ठेवला, ती धून लावली. पुस्तक हाताशी होतं, उघडलं नाही. धून फिरून फिरून पुन्हा तिथेच येत होती. वरण-भाकर खायला इतका थोडा वेळ लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

हात धुऊन ते परत येऊन बसले.

"झालं माह्यं," ते म्हणाले. "खेळ तू आता."

आणि त्यांनी धून बंद केली.