लारियोच्या पेटीवरचं पिल्लू

माझ्या भावाचं प्रेत आठवडाभर दिवाणखान्यात होतं, आणि आठवडाभर गव्हर्नर रेकाल्दे आमच्या दारात हसत उभा होता. म्हणजे त्याचा फ्लेक्स. वर ‘अब्रेनिका कुटुंबाच्या दुःखात सहभागी’, खाली रेकाल्देचं परातीएवढं तोंड, आणि कोपऱ्यात माझा लारियो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मेलंय कोण ते कळायला चष्मा लावावा लागत होता.

मी तो फ्लेक्स पहिल्याच दिवशी फाडणार होते. माझ्या भावजयीनं, नोरिंगनं, हात धरला.

“नको, मानांग. जुनचं ठरतंय.”

जुन हा लारियोचा मुलगा. आणि ठरत होतं ते व्हाइस गव्हर्नरचं तिकीट, तेही रेकाल्देच्याच बाजूनं. बाप अजून जमिनीत गेला नव्हता आणि पोरगा बापाच्या वैऱ्याच्या पंगतीला जाऊन बसत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण घरात प्रेत असताना भांडू नये म्हणतात, म्हणून मी दातांवर दात धरून कॉफी ढवळत राहिले.

मी पुरिंग. लारियोची थोरली बहीण, म्हणून सगळ्यांची मानांग, म्हणजे ताई. मी लग्न केलं नाही, लारियोच्या निवडणुका केल्या. तो पहिल्यांदा मेयरला उभा राहिला तेव्हा आमच्याकडे जीप नव्हती. सांता क्लोतिल्दाच्या प्रत्येक वाडीत मी पायी गेलेय. कुठल्या घरातलं कुत्रं चावतं आणि कुठल्या घरातला नवरा बायकोला विचारल्याशिवाय मत देत नाही, हे मला पाठ होतं. तो मेयर झाला, पुन्हा झाला, मग मनिलाला काँग्रेसमन म्हणून गेला. दर वेळी तीनशे माणसांसाठी पांसितच्या शेवया मी रांधल्या. भाषणं तो करायचा. करायचा मात्र झकास! समुद्रावरची माणसं जाळी तशीच टाकून ऐकायला यायची.

त्यांच्यासाठीच तो उभा राहिला, असं मी मानत होते. आमच्या किनाऱ्याची वाळू काळी, लोखंडाची. रेकाल्देच्या बोटी रात्रंदिवस ती उपसायच्या आणि आमचा किनारा चड्डी फाटावी तसा फाटत चालला होता. नारळ गेले, घरं गेली, नागुइलियान वाडीचं अर्धं चॅपेल समुद्रात गेलं. लारियोनं मनिलाच्या सभागृहात चौकशी लावली. इथे साक्षीदार गोळा करायचं काम सेल्मो दुमलावनं अंगावर घेतलं. सेल्मो मासे मारायचा, लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण त्याच्या शब्दावर अख्खी वाडी चालायची.

आणि ऐन चौकशीत वरून हुकूम आला. लारियोला राजदूत केलं. वाळवंटातला कुठलासा देश, तिथे आपल्या मुली घरकामाला जातात. नेमणुकीचा सोहळा झाला, छातीवर फीत लागली, विमान उडालं. चौकशी थंडावली ती थंडावलीच. महिनाभरात सेल्मोला मासळीच्या धक्क्यावर मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. दिवसाढवळ्या, बर्फ फोडत असताना.

मी तेव्हापासून ज्याला-त्याला एकच सांगत आले की माझ्या भावाला हाकलला. मान देऊन हाकलला, गोडीगुलाबीनं काटा काढला. तो इथे असता तर सेल्मो मेला नसता. तिथल्या बातम्या यायच्या. लारियोनं मालकाकडून पळालेल्या मुलींना दूतावासात आसरा दिला, लारियोनं एका बाईची फाशी रद्द करून आणली. मी कात्रणं भिंतीला लावायची आणि रेकाल्देला शिव्या घालायची. तो परत आला तो मूत्रपिंडं निकामी होऊन, पिवळा पडून. मी म्हटलं, त्या वाळवंटानं खाल्ला ह्याला, आणि वाळवंटात कुणी धाडला? रेकाल्देनं.

आता त्याच्या पेटीशी रोज भाषणं चालली होती. ज्यांनी त्याला उभ्या आयुष्यात एक मत दिलं नाही, तेसुद्धा डोळे पुसत त्याचा मोठेपणा सांगत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी ऐकून घेत होते. पण दफनाच्या दिवशी सकाळी जुनला आरशासमोर भाषण घोकताना ऐकलं: “माझ्या वडिलांचे जिवलग मित्र, आपो गव्हर्नर रेकाल्दे...”

“जिवलग?” मी दारातनं ओरडले. “तुझ्या बापाचा जीव लागला होता ना त्यात, म्हणून जिवलग?”

“आंटी, आजच्या दिवस तोंड आवरा. ते स्वतः येतायत. टीव्हीवाले येतायत.”

“येऊ देत. मीपण तयारी करते.”

मी सरळ मागच्या खुराड्याकडे गेले. तिथे सेल्मोची बायको दिबिंग कप विसळत होती. आठवडाभर ती आमच्याकडेच राबत होती. कुणी बोलावलं नव्हतं. “आपो लारियो आमचे होते,” म्हणाली आणि चूल पेटवली. मी कोंबडीखालचं एक पिल्लू उचललं, तशी ती हात पुसत उठली. तिला कळलं. आमच्याकडे खून झालेल्याच्या पेटीवर पिल्लू ठेवतात. ते पेटीच्या काचेवर दाणे टिपतं आणि त्याची एकेक टोच खुन्याच्या काळजाला लागते. सेल्मोच्या पेटीवर तिनंच ठेवलं होतं.

“मानांग, आपो लारियोंचा कुठं खून झाला?”

“झाला नाही तर काय? लांब धाडून मारला. खून सावकाश केला म्हणून तो खून नाही?”

मूठभर तांदूळ आणून तिनं माझ्या हातात दिले.

मी पिल्लू लारियोच्या तोंडावरच्या काचेवर ठेवलं आणि तांदूळ टाकले. टक्, टक्, टक्. आठवडाभराच्या जागरणाला बसून पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. मी एक अक्षर बोलले नाही. बोलायची गरजच काय! पाच मिनिटांत अंगणात कुजबुज, दहा मिनिटांत रस्त्यावर बोंब. अँबॅसडरला विष घातलं! डॉक्टरला पैसे चारले! कॉफीत होतं म्हणे, नाही नाही, औषधात होतं! जुन माझ्यावर धावून आला.

“आंटी, डोकं फिरलं का? बाबांच्या किडन्या गेल्या होत्या! उचला ते!”

“तू उचल. हिंमत असेल तर सगळ्यांसमोर उचल.”

खून झालेल्याच्या पेटीवरचं पिल्लू कोण उचलणार? जो उचलेल तोच गुन्हेगार ठरायचा. जुनचा हात अर्ध्यावर थांबला. आणि तेवढ्यात रेकाल्देच्या गाड्या दारात लागल्या.

अंगात पांढराशुभ्र बारोंग सदरा, मागेपुढे बंदुका. एरवी ह्याच्या हाताला हात लावायला चेंगराचेंगरी होते. आज कुणी जागचं हललं नाही. वाटसुद्धा कुणी दिली नाही, त्याच्या माणसांनी ढकलून केली. मोबाइल तेवढे सगळ्यांचे वर झाले. तो पेटीशी आला आणि त्यानं ते पिवळं पिल्लू बघितलं. चोराच्या मनात चांदणं. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्यानं माइक घेतला. “बंधूंनो, माझा भाऊ लारियो...”

“विष कुणी घातलं?” मागून कुणीतरी ओरडलं.

“हे बघा, घरच्यांच्या दुःखात अशा अफवा...”

“आधी सेल्मो, आता अँबॅसडर! पुढचा कोण, आपो?”

“खुनी!”

मग अंगणच ओरडायला लागलं. रेकाल्देच्या मानेवरची शीर फुगली. त्या माणसाला शिव्या चालतात, कोर्टकचेऱ्या चालतात. पण सगळ्या गावादेखत, टीव्हीसमोर, न केलेला गुन्हा माथी? ते त्याला सोसेना. केलेले पचवायची सवय होती, न केलेला घशात अडकला.

“मी मारीन ह्याला? मी?” तो माइकमध्ये गरजला. “अरे, हा माझा माणूस होता! ह्याच घरातून उठून माझ्या घरी येऊन जेवायचा! कुणी हाकलला नाही ह्याला! ह्यानंच माझ्याकडे येऊन मागितलं. म्हणाला, वाळू तू घे, चौकशी मी बुडवतो, मला मानानं कुठंतरी लांब पाठव. राजदूताची खुर्ची मी स्वतः मनिलात चार दारं झिजवून आणली ह्याच्यासाठी! एवढा कामाचा माणूस मी मारीन? विचारा ह्याच्या बायकोला!”

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. माइक तसाच पेटीवर टाकून तो निघाला. टक्, टक् असा पिल्लाचा आवाज आता भोंग्यातून अख्ख्या रस्त्यावर ऐकू जात होता. कुणीतरी वायर ओढली.

मी म्हटलं, खोटं. साफ खोटं. मी नोरिंगकडे वळले. “नोरिंग, सांग ह्यांना. खोटं बोलतोय म्हणून सांग.”

नोरिंग रुमाल पिळत बसली होती.

“नोरिंग!”

“ते घाबरले होते, मानांग,” ती म्हणाली. “घरी फुलांचं चक्र आलं होतं. मयताचं. पट्टीवर त्यांचंच नाव. जुन लहान होता. मी काय म्हणणार होते?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एवढी वर्षं मी ज्या गोष्टीवर जगले ती गोष्ट ह्या बाईच्या डोळ्यांदेखत मी सांगत आले. ती मान हलवत ऐकत आली.

आणि तरी सांगते, भ्यायला म्हणून मी त्याला दोष देणार नव्हते. भीती कुणाला वाटत नाही? त्या क्षणी मी मनात त्याची वकिलीच करत होते. घाबरला, पळाला, ठीक आहे. बहिणीला सांगायला लाजला, तेही ठीक आहे. तेवढ्यात दिबिंग आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पेटीपाशी गेली आणि तिनं पिल्लू उचललं. सगळ्यांसमोर.

“ह्यांचा खून नाही झाला,” ती म्हणाली.

मग माझ्याकडे बघून हळूच, जणू भाजीचा भाव सांगावा तशी, बोलायला लागली. “जायच्या आधी ते आमच्या घरी आले होते, मानांग. भात आणि सुकी मासळी होती, तेच जेवले. सेल्मो म्हणाला, तुम्ही निघालात, आता चौकशीचं काय? मी साक्षी घेणं थांबवू का? तर म्हणाले, थांबवू नकोस. चालूच ठेव. मी तिकडून बघतो. मी आहे.”

“असं म्हणाला?”

“खांद्यावर हात ठेवून म्हणाले. सेल्मो दुसऱ्या दिवसापासून दुप्पट फिरायला लागला.”

पळायचं होतं तर पळायचं, पण जाता जाता ‘सेल्मो, तूही पळ’ एवढे तीन शब्द बोलायला ह्याच्या बापाचं काय जात होतं? आमच्याच बापाचं! फाशीच्या बाईसाठी परक्या राजाला विनवण्या करायला ह्याची जीभ चालली. सेल्मोसमोर, पोटात त्याचा भात असताना, ती खोटंच बोलली. लोकांना आपण पळालेलो दिसू नये म्हणून! मागे कुणीतरी लढतंय असं दिसावं म्हणून!

जुन माझ्या कानाशी आला. “आंटी, फादर वाट बघतायत. दुङ्-आव करा आणि पेटी उचलू या. लवकर.”

दुङ्-आव म्हणजे, पेटी उचलण्याआधी थोरल्या बहिणीनं काळी चादर डोक्यावर घ्यायची आणि मेलेल्याशी बोलत, रडत, त्याचं आयुष्य गायचं. शेवटी त्याच्या वतीनं सगळ्यांची माफी मागायची, जमलेल्यांनी ‘केलं माफ’ म्हणायचं. माझ्याशिवाय ते कुणी करू शकत नव्हतं. मी चादर घेतली आणि उशाशी बसले.

“लारियो, माझ्या धाकट्या,” मी सूर लावला, “तुला मी पाठीवर घेऊन ओढा ओलांडला. मेयर झालास, मी तुझी टोपी धुतली. मनिलाला गेलास, मी तुझे बूट पुसले. राजदूत झालास, मी भिंतीला तुझी कात्रणं लावली. लारियो, माझ्या धाकट्या, तू सेल्मोचा भात जेवलास. त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. मोटरसायकलवाल्यांना खांदा दाखवलास.”

“आंटी!” जुन ओरडला. नोरिंगनं तोंडावर हात घेतला. मी थांबले नाही. माझा आवाज फाटला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

“तुझ्या पोराला तिकीट नको, तुझ्या नावाचा रस्ता नको. इथे तुला माफ करायचा हक्क एकाच बाईला आहे, तिलाच मी विचारते. दिबिंग, लुडिविना दुमलाव, माझ्या भावानं तुझा नवरा मरणाच्या तोंडी दिला. त्याला माफ करतेस का?”

दिबिंग पिल्लू छातीशी धरून उभी होती. तिनं बराच वेळ काचेतून लारियोच्या तोंडाकडे बघितलं.

“नाही, मानांग,” ती म्हणाली.

ती मागच्या दारानं निघून गेली. नागुइलियानचे कोळी पेटी उचलायला आले होते, तेही तिच्यामागे गेले. शेवटी जुन, दोन ड्रायव्हर आणि मी, अशी आम्ही ती उचलली. जड होती. तिच्या त्या ‘नाही’सकट आम्ही त्याला पुरला.