रोमनांनी आम्हाला रस्ते दिले

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलहून निघाल्यावर नीनाने आधी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर सान्वी हेडफोन लावून बसली होती. मग शेजारी बसलेल्या वडिलांना तिने सांगून टाकलं की सान्वीला मराठी शिकवायचा हा शेवटचा शनिवार. दर शनिवारी घरात रडारड होते, ती आता तिच्याने सोसवत नाही. आज सान्वी रमली तर ठीक, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून स्विमिंग.

दीनानाथांना यात अन्याय वाटला नाही. पुण्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला कंटाळलेलं मूल लांबूनही ओळखता येतं. पण पुढच्या महिन्यात ते परत जाणार होते, आणि या गुडघ्यांनी पुन्हा इथवर येणं होणार नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. मग फोनवर नात त्यांच्याशी बोलणार कशात? त्यांचं इंग्रजी दुकानापुरतं, तिचं मराठी जेवणापुरतं.

शाळेत सान्वीच्या वर्गाला सध्या रोमन लोक अभ्यासाला होते, म्हणून आजचा धडा सिल्चेस्टरला, तिथल्या जुन्या रोमन शहराच्या जागी घ्यायचा असा त्यांचा बेत. नीना गाडीतच ऑफिसचे मेल बघत बसली. आजोबा आणि नात चिखल चुकवत तटापाशी पोचले. गारगोट्यांचा तो तट अजून उभा होता, पण आत शहर नव्हतंच. नुसतं गवत, आणि गवतात चरणाऱ्या गाई.

दीनानाथ तटाला टेकले आणि सावकाश सांगू लागले. रोमनांना दरवेळी तलवार काढावी लागली नाही. त्यांच्या एका सुभेदाराने इथल्या टोळीप्रमुखांची मुलं घेतली आणि त्यांना लॅटिन शिकवलं. ज्यांना ही भाषा नकोशी होती तेच पुढे ती सफाईने बोलायची धडपड करू लागले. मग रोमन झगे आले, गरम पाण्याची स्नानगृहं आली, मेजवान्या आल्या. जुने कपडे कोणी हिसकावून घेतले नाहीत. ते नुसते अंगावर चढेनासे झाले.

सान्वीने जांभई दिली. दीनानाथांनी तिला रोमनांवर एक अख्खं वाक्य करायला सांगितलं, फक्त एक, मग चॉकलेट.

तिने वाक्य जुळवलं. "रोमनांनी आम्हाला रस्ते दिले."

"आम्हाला म्हणजे कोणाला गं?"

"अस. मिस म्हणते ना, द रोमन्स गेव्ह अस रोड्स."

एरवी त्यांनी सोडून दिलं असतं, पण सवय जाते कुठे? त्यांनी समजावलं की इंग्रजीत 'वी' एकच, मराठीत दोन. ऐकणारा आत असेल तर आपण, बाहेर असेल तर आम्ही. 'आता आम्ही जेवतो' म्हटलं तर पाहुण्याने उठावं. 'आता आपण जेवू' म्हटलं तर त्याने पानावर बसावं. एवढं सांगून ते थांबले. आता ती 'आपल्याला' म्हणेल. इथली सगळी मुलं हीच चूक करतात, आणि सांगितल्यावर दुरुस्तही करतात.

सान्वी बराच वेळ तटातली एक गारगोटी बोटाने हलवून पाहत राहिली.

"मग आम्हाला बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नाही दिले. तुम्ही पुण्याचे. मी इथली आहे ना."

बोलण्यात टोमणा नव्हता. तिने विचार करून शब्द निवडला होता. दीनानाथांनी त्या उत्तरात चूक शोधून पाहिली. सापडली नाही. त्यांनी खिशातून चॉकलेट काढून तिच्या हातावर ठेवलं.

"ते चीफचे मुलं," खाता खाता तिने विचारलं, "घरी त्यांच्या आजोबांशी काय बोलायचे?"

"कोणी लिहून नाही ठेवलं. मुलं लॅटिनमध्ये काहीतरी बोलून हसत असतील, आणि म्हातारा शेकोटीपाशी बसून असेल."

"विचारायचं ना त्याने, काय हसताय म्हणून."

"विचारलं असेल एकदोनदा. मग दमला असेल."

सान्वीला ते फारसं पटलं नाही.

गाडीत बसताना नीनाने काय ठरलं ते विचारलं. दीनानाथांनी बेल्ट लावला आणि शनिवारची मराठी थांबव म्हणून सांगितलं.

"का? भांडलात का दोघं?"

"नाही गं. तिला येतंय."

नीना त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने गाडी सुरू केली. दीनानाथांनी डोळे मिटले. मागून सान्वी आईला कुठल्याशा मैत्रिणीची गोष्ट सांगू लागली, एक शब्द मराठी तर चार इंग्रजी, आणि मधेच स्वतःच खिदळली. त्यांना निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. अंग जड झालं होतं, झोप लागली असती तर बरं झालं असतं.

"काय झालं हसायला?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

सान्वीने हेडफोन बाजूला ठेवला आणि गोष्ट पहिल्यापासून, जरा हळू, सांगायला घेतली.