चौदा टिंब सात

सोमवार अगदी तोंडावर आला होता आणि तिला ताईचं उत्तर काही येत नव्हतं.

सोमवारी तिला बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर हजर व्हायचं होतं. औषधांच्या कंपनीत गोळ्या तपासायच्या विभागात तिची जागा साहेबांनी कशीबशी धरून ठेवली होती. ‘सोमवारी खुर्चीत दिसला नाहीत, तर माझ्याही हातात काही उरणार नाही बरं का,’ असं ते हसत हसत म्हणाले होते, आणि ते हसत म्हणाले म्हणूनच तिला ते जास्त खरं वाटलं होतं. पाळणाघरात जागा मिळणार ती पुढच्या महिन्यात. तोवर तान्ह्या गोट्याला सांभाळायचं कुणी? शेजारच्या काकू तयार होत्या, पण त्या बाळाशी लाडात बोलताना त्याच्या तोंडावरच शिंकायच्या. वरच्या मजल्यावरची मुलगी प्रेमळ होती, पण तिच्या कुडत्याला मणी होते, आणि मणी दिसला की तो गोट्याने गिळलेलाच हिला दिसायचा. शेवटी सगळ्या जगातून गाळून गाळून एकच माणूस उरलं, ते म्हणजे ताई.

मग सरळ फोन का नाही केला? एक तर दोघी बहिणींचं फोनवर फार वेळ सुखाने चालत नसे. गेल्या खेपेला ताई म्हणाली होती, “अगं, पोराला मांडीवर वाढव, थर्मामीटरवर नको,” आणि हिने रिसीव्हर आपटला होता. दुसरं म्हणजे, फोन घरात असला तरी घरच्यांचा नव्हता. तो बोर्डाचा होता.

बोर्ड म्हणजे तिच्या नवऱ्याचं वेड. कपाटाशेजारी कॉम्प्युटर, त्याला मोडेम, मोडेमला फोनची तार, आणि फोन वाजला की मोडेमच शिट्टी घालून तो उचलायचा. गावोगावचे असेच हौशी लोक तिथे फोन लावायचे, पत्रं टाकायचे, आपली उचलायचे. मग हा बोर्ड दुसऱ्या बोर्डाला फोन लावून उरलेली पत्रं पुढे ढकलायचा. पगार कुणालाच नाही, पण तोरा प्रत्येकाचा टपालखात्याच्या मंत्र्यासारखा. दर बोर्डाला एक नंबर होता. बोर्डाच्या आश्रयाने राहणाऱ्यांना त्या नंबरापुढे टिंब आणि एक छोटा आकडा मिळायचा. नवऱ्याचा बोर्ड नऊ, म्हणून ती नऊ टिंब एक. ताईचे यजमान त्यांच्या गावच्या चौदा नंबरच्या आश्रयाला, चौदा टिंब सात. त्यांच्याच पत्त्यावर ताईला लिहायचं.

“फोनपेक्षा हे बरं,” नवरा म्हणाला होता. “लिहिताना माणूस आपटत नाही.”

पहिलं पत्र तिने नाक मुठीत धरून लिहिलं. चुकलं माझं, ये. उत्तर नाही. दुसऱ्यात विनवण्या. उत्तर नाही. तिसरं लिहायला बसली तेव्हा गोट्या मांडीवर किंचाळत होता, इस्त्रीखाली झबलं करपत होतं, आणि तिने जे मनात आलं ते सगळं उतरवलं. ‘हट्टी म्हैस’ हे त्यातल्या त्यात सौम्य होतं.

“अहो, पत्रं जातायत ना नक्की?”

“माझा प्रोग्राम आहे तो,” नवरा दुखावून म्हणाला. “मी स्वतः लिहिलाय. चूक असेल तर तिकडची. लोक काय काय जुनाट वापरतात, तुला कल्पना नाही.”

“पत्त्यांचे काही नियम छापलेत ना तुमच्या बोर्डवाल्यांच्या क्लबाने?”

“नियम वाचून प्रोग्राम लिहितात ते कारकून!”

शुक्रवारी संध्याकाळी ती बाळाला भरवत असताना नवरा कॉम्प्युटरपाशी एकदम गप्प झाला. तो गप्प झाला की तिला आधी बाळाकडे बघायची सवय होती. बाळ ठीक होतं. मग ती पडद्याकडे बघू लागली. सार्वजनिक फळ्यावर, म्हणजे सगळे बोर्डवाले वाचतात तिथे, पंधरा नंबरचा बोर्ड चालवणाऱ्या कुणी गृहस्थांनी लिहिलं होतं:

‘नऊ टिंब एक यांस. बाई, मी तुमची ताई नाही. मी कवळ्या तयार करतो. आपली तीन पत्रं माझ्याकडे आली. पहिलं वाचून वाईट वाटलं, दुसरं वाचून काळजी वाटली, तिसरं वाचून मी उठून दाराला कडी घातली. दर वेळी आपल्याला उत्तर धाडलं, पण ते पोचत नसावं, म्हणून नाइलाजाने इथे लिहितो. म्हैस मी नव्हे, याची नोंद घ्यावी.’

तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. “माझी पत्रं पंधराकडे? मी चौदा टिंब सात लिहिलं होतं!”

“बघ, तिकडचा घोळ,” नवरा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

ती हातातला चमचा तसाच धरून विचार करत राहिली. नवरा पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात होता. “अहो, मीटरवर चौदा आणि वर सात दशांश आले, तर तुम्ही काय धरता?”

“पंधरा. अर्ध्याच्या पुढे गेलं की पुढचा आकडा. का?” मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. “तो तुकडा मी कारखान्यातल्या प्रोग्राममधूनच उचललाय.”

“म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीला तुम्ही जवळच्या आकड्यात नेऊन बसवलंत! आणि त्या कवळीवाल्यांची उत्तरं?”

नवरा खाली मान घालून कळा दाबत राहिला. पंधराकडून येतात तशी अनोळखी ठेवणीची पत्रांची पाकिटं आली की त्याचा प्रोग्राम ती न उघडताच पुसून टाकायचा. “सुरक्षेसाठी,” तो पुटपुटला.

इकडे फळ्यावर झुंबड उडाली. ताईला कुणी कळवेल, असं तिला वाटलं होतं. कळवतंय कोण! एक म्हणे, टिंबाचा आकडा पत्त्यातच हवा. दुसरा म्हणे, छे, तो पत्राच्या पोटातल्या छुप्या ओळीत हवा, म्हणजे जुन्या प्रोग्रामांना त्रास नाही. “जुने फेकून द्या!” “तुम्ही दुपट्यात होता तेव्हापासून चालतोय माझा!” आणखी एकाने ‘हट्टी म्हैस’ हे संबोधन सभ्यतेच्या नियमात बसतं का, असा प्रश्न काढला आणि त्यावर दोन तट पडले. ताईचे यजमान तेवढे या सगळ्यात नव्हते. ते फक्त बुद्धिबळाचा फळा वाचायचे.

प्रोग्राम नीट करायला नवऱ्याला आठवडा हवा होता, आणि फोनवर पुन्हा आपटाआपटीच झाली असती. शेवटी तिनेच लिहिलं: ‘आपलं भांडण सावकाश चालू द्या. पण मला सोमवारी कामावर जायचंय आणि बाळाला कुणी नाही. चौदाच्या गावातलं कुणी माझ्या ताईला सांगेल का?’

शनिवारी सकाळी कवळीवाल्यांचं उत्तर फळ्यावर होतं. ते त्याच गावात राहत होते. चौदा नंबरवाल्यांकडून पत्ता घेऊन दुपारी पत्रं छापून ताईला हातोहात नेऊन देणार होते. तिने घाईघाईने लिहिलं, ‘उपकार होतील, पण कृपा करून तिसरं देऊ नका!’

संध्याकाळी उत्तर आलं: ‘बाई, आपला मजकूर मी परतल्यावर वाचला. आधी वाचला असता तरी उपयोग नव्हता. दुसऱ्याचं पत्र आपल्या हाती आलं, तर ते काहीही न गाळता पुढे पोचवावं, असा क्लबाचा नियम आहे. मी नियम वाचलेले आहेत. आपल्या भगिनींनी चहा दिला नाही.’

तिच्या तोंडचं पाणी पळालं. चहा दिला नाही म्हणजे ताई पेटली होती. आता कसली येते! तिने पुन्हा काकूंचा विचार करून पाहिला. त्यांच्या नाकाला रुमाल बांधायला सांगावं का, इथपर्यंत ती आली होती.

रविवारी दाराची बेल वाजली. दारात ताई, हातात भलीमोठी बॅग.

“म्हैस आली,” ताई म्हणाली. “सरक.”

“ताई, अगं, ते मी—”

“चूप. तिन्ही पत्रं पाठ आहेत माझी. शेजारणीसमोर त्या कवळीवाल्याने मोठ्याने विचारलं, ‘ज्यांना म्हैस म्हटलंय त्या आपणच का?’ कालपासून फोन लावतेय तुला शिव्या द्यायला, तर तुमच्या फोनमधून नुसती शिट्टी! मग म्हटलं, समोरासमोरच देऊ.” तिने बॅग खाली टाकली आणि गोट्याला उचललं. गोट्याने लगेच तिचा चष्मा ओढला. “खरं सांगू? पहिलं पत्र एकटं आलं असतं ना, तर मी ‘नाही जमत’ असं गोड शब्दांत लिहून मोकळी झाले असते. माझ्या शिवणक्लासला आताच कुठे दहा पोरी जमल्यात.”

“मग आलीस कशी?”

“तिसरं वाचलं. लहानपणापासून तू रडकुंडीला आलीस की शिव्या देतेस.”

नाक ओढत ती म्हणाली, “त्याला दुधानंतर लगेच आडवं नको करू. आणि उजव्या कुशीवर—”

“मी दोन वाढवलीत. आत जा.”

नवरा खुर्चीतून अर्धवट उठला. “म्हणजे तसं बघितलं तर, ताई, सगळी पत्रं पोचलीच की शेवटी.”

ती आत गेली, कपाट उघडलं, सोमवारचे कपडे काढून पलंगावर पसरले आणि इस्त्री तापत ठेवली. बाहेरून ताईचा आवाज चढत होता.

“या, जावईबापू, असे पुढे या. दशांशांचं बोलायचंय तुमच्याशी.”