शंकररावांच्या फोनला अपडेट आलं

मित्रांनो, मी हैदराबादच्या अंबरपेठेत राहणाऱ्या शंकररावांचा मोबाइल आहे. माझ्या पाठीवरचा रंग उडाला आहे आणि काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे. तरीही सध्या आमच्या घरात सगळ्यात जास्त काम माझ्याकडेच असतं.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला कान दिले, डोळा दिला, आणि एका चकचकीत खोक्यात बंद केलं. मला पुढची पाच वर्षं अपडेट मिळत राहतील, असं कंपनीनं त्या खोक्यावर छापलं होतं.

शंकरराव शहर बसचे ड्रायव्हर. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लेकीनं, दीपमालानं, मला दिलसुखनगरच्या बबलूच्या दुकानातून आणलं. ती इस्पितळात नर्स आहे. सुरुवातीला माझा काय थाट होता! शंकरराव रोज नांदेडच्या भावाला फोन लावायचे. "जय भीम" म्हणून सुरू झालेलं बोलणं चहा गार होईपर्यंत चालायचं.

पण आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेले त्यांचे कान हळूहळू थकले. कानातलं यंत्र घेतलं, तर त्यात नुसत्या शिट्ट्या वाजायच्या. भावाचे शब्द कळेनात, तेव्हा त्यांनी फोन उचलणंच सोडलं. घरातही ते गप्प राहू लागले. मी फ्रीजवर धूळ खात पडलो. मित्रांनो, फोनला कुणी हातच लावला नाही, तर तो करणार काय?

अशातच टीव्हीवर आमच्याच कंपनीचा नवा फोन झळकला. समोरच्यानं बोललेलं तो लगेच मराठीत लिहून दाखवत होता. दीपमाला मला घेऊन तडक बबलूकडे गेली.

"ही सोय ह्या फोनला येईल का?" तिनं विचारलं.

बबलूनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "कंपनी नवा बेचती मॅडम, पुराने कू कायकू पूछती? नवाच लेलो."

 पण दीपमाला चिवट. तिनं घरी येऊन कंपनीला फोन लावला. तुमच्या मॉडेललाही ती सोय मिळेल, पण टप्प्याटप्प्यानं, असं उत्तर मिळालं. "महिनाअखेरपर्यंत वाट बघू," ती आईला म्हणाली, "नाही आलं तर नवा घेऊ."

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शेवटी एका रविवारी सकाळी माझ्या पडद्यावर निरोप उमटला: नवीन अपडेट आलं आहे. दीपमालानं मला चार्जरला लावलं. मी बंद झालो, पुन्हा जागा झालो आणि काय सांगू, मला मराठी लिहिता येत होतं! तिनं मला शंकररावांच्या हातात दिलं.

तिकडे कोंडाबाई, म्हणजे शंकररावांची बायको, गॅसकडे तोंड करून पुटपुटत होत्या. मी भराभर लिहीत गेलो: "रोज वरण पुढ्यात ठेवायचं. चांगलं झालं का वाईट, हा माणूस तोंडातून शब्द काढंना."

शंकररावांनी चष्मा सारखा केला आणि सावकाश वाचलं. "वरण चांगलं असतं," ते म्हणाले. "कालचं तर फारच चांगलं झालं होतं."

कोंडाबाई पळी हातात घेऊनच वळल्या. "अहो, तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं. वाचलं."

कोंडाबाई गॅस बंद करून त्यांच्यासमोर बसल्या आणि मग वर्षभराचं साठलेलं बोलत सुटल्या. "नांदेडचे भाऊजी दर आठवड्याला माझ्या फोनवर तुमची चौकशी करतात. ओरडून सांगायचा कंटाळा आला, म्हणून मी सांगितलंच नाही."

शंकररावांचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तो रुसला माझ्यावर."

"आता कायकू रडायलात?" कोंडाबाई म्हणाल्या. घाईघाईत मी लिहिलं, "आता काकू रडायलात?"

"काकू कुठली आली इथं?" शंकरराव म्हणाले आणि मला त्यांच्यापुढे धरलं. दोघंही पोट धरून हसले. माझी चूक अशी कामाला आली.

मग दीपमालानं आपल्या फोनवरून काकांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि मला शेजारी ठेवलं. पलीकडून आलेला "जय भीम, दादा" मी अगदी बिनचूक लिहिला. त्यानंतर ते दोघे भाऊ काय काय बोलले, ते लिहिताना मी तापून गेलो, पण थांबलो नाही.

मित्रांनो, एक दिवस माझीही अपडेट संपतील. कंपनीनं ते वर्ष आधीच सांगितलं आहे, त्याचं मला वाईट वाटत नाही. नवा फोन आला की हातातला टाकायची घाई मात्र करू नका. त्याला अजून काय मिळायचं आहे, ते नीट विचारा. आणि घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांच्याजवळ बसून बोला. तुम्ही बोललात, तरच माझ्यासारख्याला काही लिहिता येतं.