पहिलं माप

"काकू, चला, तुमचा नंबर," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि काम मागायला आलेली बाई उठली, आत गेली आणि पेशंटच्या खुर्चीत निमूट आडवी झाली.

घोटाळा झाला तो नाव लिहिताना. "काय होतंय?" असं मुलीनं विचारलं, तेव्हा बाईला सांगायचं होतं की मला काही होत नाही, मी कृत्रिम दात बनवते, डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलायचंय. पण आधीच्या पाच दवाखान्यांचा अनुभव गाठीशी होता. दोन ठिकाणी 'आमची लॅब ठरलेली आहे' म्हणून तिला उभ्याउभ्याच वाटेला लावलं होतं. एका ठिकाणी डॉक्टर जेवायला गेले ते आलेच नाहीत. उरलेल्या दोन ठिकाणी ती जिन्याच्या चौथ्या पायरीवरूनच मागे फिरली होती. इथे तिच्या तोंडून निघून गेलं, "दाढ दुखते." निदान त्यामुळे बसायला खुर्ची तरी मिळाली.

बावीस वर्षं तिनं एका लॅबच्या मागच्या खोलीत काम केलं होतं. पुढच्या खोलीत मालक डॉक्टरांशी बोलायचे, मागच्या खोलीत ही कॅपा आणि कवळ्या करायची. जगाशी बोलायचं काम तिच्या वाट्याला कधी आलंच नाही. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं काहीतरी करायची हुक्की आली. कर्ज काढायचं नाही एवढं एक पक्कं ठरवलं होतं, त्यामुळे बुडणार होतं ते सगळं आपलंच. फंडाच्या पैशांतून कॅपा भाजायची भट्टी आली, मोटर आली, घराची पुढची खोली रिकामी झाली. नवरा म्हणाला होता, "कर बिनधास्त. बुडालीस तर मी आहेच. पोहता मलाही येत नाही, पण सोबत होईल."

सासूबाईंनी तर जाहिरातच हाती घेतली. त्यांची कवळी सुनेच्या हातची. शेजारच्या बायका आल्या की त्या कवळी काढून तळहातावर ठेवायच्या आणि बोळक्या तोंडानं तिचे गुण सांगायच्या. बायका चहा अर्धा टाकून उठायच्या.

चार महिने झाले. एक दात करायला आला नाही. भट्टीवर जुनी चादर पडली होती आणि रोज सकाळी ती चादर झटकून परत घालणं एवढंच बाईचं काम उरलं होतं. कुणी भेटलं आणि 'मग, कसं चाललंय?' म्हणालं की ती घाई असल्याचं सांगून सटकायची. गेल्या आठवड्यात मालकांचा निरोप आला: परत ये, पगार थोडा कमी धरू, भट्टी मी घेतो. ती बघायला उद्या त्यांचा माणूस येणार होता. आज काम मिळालं नाही तर उद्या ती हो म्हणणार होती. तसं तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण रात्रीत ठरवून टाकलं होतं.

डॉक्टर पन्नाशीचे, घाईतले. त्यांनी दिवा ओढला, आत बघितलं, आरसा फिरवला. "कधीपासून दुखतेय?"

तोंड उघडं असल्यामुळे तिला खोटं बोलता आलं नाही.

"तडा गेलाय दाढेला. कॅप बसवावी लागेल," ते म्हणाले. "आज माप घेऊ. आमची लॅब आहे, आठवड्यात करून देते." आणि त्यांनी तिच्याच जुन्या मालकांचं नाव घेतलं.

बाई उठून बसली. छातीवरचा कागदी रुमाल तसाच लोंबत होता. जे वाक्य ती चार महिने घोकत होती ते पार विसरली, आणि दुसरंच बाहेर आलं. "ती कॅप मी करते. म्हणजे त्यांच्याकडे मीच करायचे. तुमच्याकडच्या बावीस वर्षांतल्या बहुतेक माझ्याच हातच्या. आता माझी स्वतःची लॅब आहे."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. "म्हणजे तुम्हीच का त्या?" मग जरा अवघडून म्हणाले, "तुमचे मालक सांगत होते. फार गुणी बाई, पण हात थरथरायला लागले बिचारीचे, म्हणून सोडावं लागलं."

म्हणजे पाचही दवाखान्यांत तिच्या आधी हे जाऊन बसलं होतं. आणि सांगितलं होतं तेही किती कळवळ्यानं. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं.

"बघू हात," डॉक्टर म्हणाले.

तिनं दोन्ही हात पुढे धरले. दिव्याच्या लख्ख प्रकाशात ते थरथरत होते. तिनं मुठी आवळल्या, सोडल्या, पुन्हा धरले. थरथरतच होते. नर्स भिंतीकडे बघायला लागली.

बाईनं हात मागे घेतले नाहीत. "डॉक्टर," ती म्हणाली, "मागायला आले की असे होतात. कामाला बसले की नाही होत."

डॉक्टरांनी मास्क परत वर ओढला. मग त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं. "तुमची कॅप तुम्हीच करून आणा. बिघडली तर तक्रार करायला दुसरं कुणी नाही. पुढचं पुढे बघू. आणि कॅपसाठी दाढ घासायचे पैसे मी घेणार हं."

पहिलं गिऱ्हाईक मिळवायला तिला स्वतःच गिऱ्हाईक व्हावं लागलं, तेही पदरमोड करून.

दुपारी ती घरी आली. अर्धा ओठ बधिर, पिशवीत दोन्ही जबड्यांची मापं ओल्या कापसात गुंडाळलेली. सासूबाईंनी तोंड वाकडं का म्हणून विचारलं. "बोलणी करून आले," ती कशीबशी म्हणाली. भट्टीवरची चादर तिनं काढली, घडी करून कपाटात ठेवली. उद्याच्या माणसाला काय सांगू, असं सासूबाईंनी विचारल्यावर म्हणाली, "सांगा, भट्टी कामात आहे. विकायची नाही."

मापाच्या साच्यात प्लास्टर ओतलं, घट्ट होऊ दिलं, अलगद सोडवलं. टेबलावर दोन पांढरे जबडे आले. हजारो लोकांचे दात तिनं असे हातात घेतले होते, स्वतःचे पहिल्यांदाच. तिनं ते खिडकीशी नेले. मागच्या दाढा दोन्ही बाजूंनी झिजून सपाट झाल्या होत्या, वापरून वापरून उंबरा झिजावा तशा. असं तोंड लॅबमध्ये आलं की ती नेहमी जरा थांबायची. झोपेतसुद्धा ज्यांचा जबडा सैल पडत नाही, त्यांचंच असं होतं.

"कुणाचं काम गं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"आहे एक बाई," ती म्हणाली आणि मेणाची सुरी हातात घेतली. सुरीचं टोक दाढेच्या कडेवर टेकलं, आणि जिथे टेकलं तिथेच स्थिर राहिलं.