मायच्या वयाची

सरलाने पदराचं टोक नळाखाली धरलं, पिळलं आणि मानेवर दाबून ठेवलं. पाणी बर्फासारखं होतं, पण धग काही खाली बसेना. छातीतून निघून ती गळ्याशी आली होती आणि आता कानांमागून डोक्यात चढत होती. जानेवारी चालू होता. आत विभागातल्या बायका स्वेटर घालून, पाय खुर्चीवर घेऊन बसल्या होत्या. सरलाच्या पाठीवरून मात्र घामाची धार उतरत होती.

नव्या राज्याचं मंत्रालय रायपूरच्या एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरलं होतं. सरलाचा विभाग जिथे बसे, तिथे पूर्वी वॉर्ड होता. राजधानी झाली तशी कपाटं आली, टेबलं आली, फाइलींचे गठ्ठे आले. पण भिंतींवरच्या छातीपर्यंतच्या पांढऱ्या फरशा तशाच राहिल्या, आणि पावसाळी दिवसांत फिनेलचा वासही यायचा. सुरुवातीला सरलाला त्याचं काही वाटलं नव्हतं. अलीकडे त्या फरशांकडे पाहायचं ती टाळायची.

ती जागेवर परतली. शेजारच्या टेबलावरून एक गोरी, ठेंगणी बाई तिच्याकडे पाहून हसली.

"बरं नाही का?"

सरलाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. या बाईच्या डब्यातलं तिने किती वर्षं खाल्लं होतं. तिच्या मुलीच्या लग्नात ती तीन दिवस राबली होती. आणि तिचं नाव सरलाला आठवेना. जीभ टाळूला लावून ती नाव शोधत राहिली. विमला. विमला. नाव आलं तेव्हा विमला पुन्हा आपल्या फाइलीकडे वळली होती.

तेवढ्यात हरिदास चपराशी चहाचा ग्लास घेऊन आला.

"नको," सरला म्हणाली.

"पी लो दीदी, ठंड है," असं म्हणत त्याने तो तिच्यासमोर ठेवला.

पुढचं कसं घडलं हे तिला कळलं नाही. काच फुटल्याचा आवाज आला, आणि समोरच्या पांढऱ्या फरशीवरून चहा ओघळताना दिसला. हरिदास भिंतीला चिकटून उभा होता. टेबलांवरची सगळी डोकी वर झाली होती. सरलाने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि ती थिजली. अगदी असेच चेहरे तिने एकदा पाहिले होते, तिच्या मायकडे पाहणारे.

*

तेव्हा बाबा, म्हणजे मारोतराव, डोंगरगढला रेल्वेत पॉइंट्समन होते आणि सरला एकोणीस वर्षांची होती. माय, शांताबाई, घरात सगळ्यांत शांत. मग त्या वर्षी तिला काहीतरी झालं. भर हिवाळ्यात ती अंगणात जाऊन डोक्यावरून पाणी ओतून घ्यायची. भाजीत मीठ टाकायला विसरायची, नाहीतर दोनदा टाकायची. चूल पेटवता पेटवता रडायला लागायची. विचारलं तर म्हणायची, आतून आग लागून राहिली. एक दिवस तिने भाताचं भगोनं उचलून अंगणात फेकलं, आणि रेल्वे क्वार्टरांच्या सगळ्या ओळीने ते पाहिलं.

गावातून झाडफूक करणारा बैगा आणला. त्याने कडुलिंबाच्या फांद्यांनी झाडलं, धूर केला. माय धुरात खोकत राहिली. मग कोणीतरी बाबांना सांगितलं की दूरच्या शहरात वेड्यांचा दवाखाना आहे, तिथे बरं करतात. मायला सांगितलं, मावशीकडे जायचं आहे. तिने खुश होऊन नवं लुगडं नेसलं. वेणी सरलाने घालून दिली. कुठे नेतायत हे सरलाला ठाऊक होतं.

माय परत आली नाही. दोन पावसाळ्यांनंतर दवाखान्यातून कळवलं, तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून घरात मायचं नाव निघालं नाही.

आणि आता सरला त्याच वयाला येऊन पोचली होती. पाळी गेल्या उन्हाळ्यात थांबली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. मग ही धग सुरू झाली. झोप तुटायला लागली. छाती उगाच धडधडायची. कुकरच्या शिट्टीने डोळ्यांत पाणी यायचं. या सगळ्यात पाळीचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तिला एकच दिसत होतं. मायला झालं ते तिला होत होतं, आणि कोणाला कळता कामा नये.

*

घरी कळू नये म्हणून ती काय काय करायची. भाजी चाखून पाहायची, पुन्हा चाखायची. गॅस बंद केल्यावर परत जाऊन हात लावून बघायची. भांडी घासताना ओळखीच्या बायांची नावं मनातल्या मनात म्हणायची. धग आली की मागच्या दारी जाऊन उभी राहायची आणि कोणी विचारलं तर वाळत घातलेले कपडे उलटेपालटे करायची.

रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या त्यांच्या घरात विचारायला दोघंच होते. तिचा नवरा धर्मपाल स्टेशनवर पार्सल ऑफिसात होता; कमी बोलणारा माणूस. आणि बाबा. सरलाचा भाऊ वारल्यापासून ते तिच्याकडेच होते. दिवसभर ओसरीवरच्या खाटेवर बसलेले असायचे. कान गेले होते, पण डोळे शाबूत होते, आणि अलीकडे ते डोळे तिच्या मागे मागे फिरतात असं सरलाला वाटे. ती मागच्या दारी गेली की बाबांची मान वळायची. एकदा ती घाम पुसत आत आली तर ते तिच्याकडे असे बघत होते की तिने साडीची निरी सावरली आणि उगाचच, "चहा ठेवू का?" असं मोठ्याने विचारलं. ते खाली बघायला लागले.

ग्लास फुटला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ती बाजारातून परतली, तर धर्मपाल आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. पाठ दाराकडे. पलीकडे मोनाली असणार. त्यांची मुलगी भिलाईला नोकरीला होती आणि बापाशी ती हिंदीतच बोलायची, तो मराठीत.

"विमलाबाईचा फोन आला होता," धर्मपाल म्हणत होता. "ग्लास फेकून मारला म्हणे चपराश्यावर... नाई, मी काही विचारलं नाई तिले... हाव. हाव. शनिवारी घेऊन जातो. नाई, आधी सांगतलं तं ते येणार नाई. तसंच नेतो."

सरलाच्या हातातली पिशवी खाली टेकली. टमाटे एकेक करून बाहेर घरंगळले. ते वेचायला ती वाकली नाही. ओसरीवरून बाबा बघत होते.

*

शनिवारी सकाळी धर्मपालने चहाचा कप धुऊन ठेवला. एरवी तो कधी धूत नसे.

"साडी बदल," तो म्हणाला. "जरा जाऊन येऊ."

"कुठं?"

"इथंच. येऊ जाऊन."

तो तिच्याकडे बघत नव्हता. सरला आत गेली. कपाट उघडून ती खूप वेळ उभी राहिली. वरच मोनालीने दिवाळीला आणलेली नवी साडी होती. तिने ती बाजूला सारली आणि ऑफिसला नेसायची जुनी काढली. बाहेर आली तेव्हा बाबा खाटेवरून उठायच्या प्रयत्नात होते. काठी सापडत नव्हती.

"कुठं नेऊन राहिला तिले?" त्यांनी धर्मपालला विचारलं.

"येतो बाबा, दोन घंट्यात."

"कुठं नेऊन राहिला?"

धर्मपालने स्कूटर सुरू केली.

सरला मागे बसली आणि तिने सीटची कड धरली. गुढियारीतून निघाल्यावर पुलाखालून रस्ता फुटतो. एक शहराकडे जातो, एक स्टेशनाकडे; मायला रेल्वेनेच नेलं होतं. स्टेशनाकडे वळला तर काय करायचं, याचा विचार ती घरापासून करत होती. उडी मारावी? ओरडावं? ओरडलं तर सगळ्यांना खात्रीच पटेल. मायने काय केलं असेल? माय काहीच बोलली नसेल. ती मावशीकडे चालली होती. स्कूटर हळू झाली. सरलाला नवऱ्याच्या खांद्यापलीकडे स्टेशनाची कमान दिसली, सामान घेतलेले हमाल दिसले.

धर्मपालने गाडी शहराकडे वळवली.

तात्यापाऱ्यात एका जुन्या दुमजली घरासमोर तो थांबला. दारावर डॉक्टर अनुश्री असं नाव आणि खाली स्त्रीरोगतज्ज्ञ असं लिहिलं होतं. आत बाकावर पोटुशा पोरी बसलेल्या दिसत होत्या. सरलाने पाटी वाचली, पुन्हा वाचली. ती स्कूटरवरून उतरेना.

"इथं कायले?"

धर्मपाल चावीशी चाळा करत उभा राहिला.

"मोनाली म्हणे, तुह्यं ते वय आहे म्हणून होऊन राहिलं. मले काय समजते त्यातलं. ते म्हणे, पापा, मम्मी को डॉक्टर के पास ले जाओ."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"कसं सांगू?" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बायांच्या गोष्टी."

*

डॉक्टरीणबाई मोनालीहून चारपाच वर्षांनीच मोठी असेल. तिने आधी रक्तदाब बघितला, मग घाईने काही न लिहिता ती विचारत गेली. पाळी कधी थांबली, झोप कशी आहे, धग किती वेळा येते, छाती धडधडते का, राग, रडू, विसरणं. सरलाने पहिल्या दोन प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर दिलं. तिसऱ्याला तिने सगळंच सांगितलं, ग्लाससुद्धा.

"पाळी जाताना शरीराचं थंडी-उन्हाचं गणित बिघडतं," डॉक्टर म्हणाली. "मग अशी आग होते. झोप मोडते. झोप नसली की नावं आठवत नाहीत, चिडचिड होते. पुष्कळ बायांना होतं. आपण थायरॉईड आणि साखर बघून घेऊ, म्हणजे दुसरं काही नाही ना ते कळेल. रोज सकाळी चालायला जा, हाडांसाठी. दूध, तीळ, मुनग्याची भाजी खा. चहा कमी करा. एवढ्यानं नाही भागलं तर औषधं आहेत. आणि पाळी वर्षभर बंद राहिल्यावर कधी डाग दिसला, तर लपवायचं नाही. लगेच यायचं."

सरला टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती.

"याच्यात वेड लागते का?"

"नाही."

"माह्या मायले लागलं होतं. याच वयात. तिलेही असंच होत होतं, आग. डोक्यावरून पाणी घ्यायची."

"कुठे दाखवलं होतं त्यांना?"

सरलाने सांगितलं. डॉक्टरने चिठ्ठी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"त्यांना मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "त्यांना काय होतं ते मी आज नाही सांगू शकत." मग हळू आवाजात: "तेव्हा कोणी विचारायचंच नाही हो, पाळी कधी गेली म्हणून."

सरला बाहेर आली तेव्हा धर्मपाल रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "काय म्हणे?"

"चला घरी," ती म्हणाली.

*

बाबा ओसरीवरून हलले नव्हते. सकाळची भाकरी झाकलेली तशीच होती. स्कूटर थांबली आणि सरला फाटकातून आत येताना दिसली, तेव्हा त्यांनी खाटेची दोरी धरलेला हात सोडला.

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. ऐकू यावं म्हणून त्यांच्या कानाशी वाकली.

"डॉक्टरकडं गेलो होतो, बाबा."

"काय म्हणे?"

"काही नाई. पाळी जातानी होते असं. आग होते अंगाची, विसरते माणूस, राग येते." पाळी हा शब्द तिने जन्मात बापासमोर उच्चारला नव्हता. "वयाचं आहे. औषध आहे त्याले."

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सगळ्याइले होते?"

तिला थांबता आलं असतं. नाही म्हणता आलं असतं. एखादीलाच होते, असं सांगून म्हाताऱ्याला वाचवता आलं असतं. धर्मपाल दारात चपला काढत होता.

"लय जणींना होते," ती म्हणाली. "कोणाले कमी, कोणाले जास्त."

बाबांची मान हळूहळू खाली गेली. त्यांनी ऐकलं नसावं असं तिला वाटलं. ती पुन्हा सांगणार होती.

"गाडीत खिडकी उघडा म्हणे," बाबा म्हणाले.

"कोण?"

"तुही माय. गरम होऊन राहिलं म्हणे, जराशी खिडकी उघडा. मी लावून घेतली. वाटलं, उडी मारन." त्यांचा आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. "पूरा रस्ता मागत राहिली."

त्याच वेळी सरलाच्या छातीतून धग निघाली. तिला ती कळली, नेहमीसारखी, गळ्याकडे येताना. मागच्या दारी जायला ती अर्धी उठली आणि परत खाटेवर बसली. घाम कपाळावर आला, भुवयांत उतरला, गालांवरून हनुवटीपर्यंत गेला. तिने पुसला नाही. तोंड वळवलं नाही.

बाबा बघत होते. त्यांनी डोळे काढून घेतले नाहीत.